एकमताने मंजूर
(नभोवाणीवरील भाषण)

सार्वजनिक संस्थांची इतिवृत्ते चाळण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येतो, त्यांच्या नजरेस दोन शब्द वारंवार पडतात : ‘एकमताने मंजूर’. ते वाचून वाटते, काय हा एकोपा ! परंतु त्या एकमतात खरी मते किती होती आणि नुसत्या डोलावलेल्या माना किती होत्या, याची नोंद कोणत्याही इतिवृत्तात सापडत नाही. चारचौघे एक म्हणू लागले की माणूस आपले म्हणणे का गिळतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभ माझ्यापासूनच करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शहरातील एका जुन्या मराठी वाचनालयाच्या सर्वसाधारण सभेस मी हजर होतो. मासिकांचे जुने बांधीव खंड कपाटातून नाहीसे झाले होते आणि संशय होता तेथल्या शिपायावर. वीस-बावीस वर्षे त्या माणसाने वाचनालयाचे दार सकाळी उघडले होते आणि रात्री लावले होते. त्यास कामावरून दूर करावे, असा ठराव कार्यकारी मंडळाने मांडला. बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावेत, असे अध्यक्ष म्हणाले. पुढच्या रांगेत एक हात वर गेला, मग दोन, मग रांगच्या रांग. माझ्या मनात एक साधा प्रश्न आला होता : या माणसाचे म्हणणे कोणी विचारले आहे काय ? प्रश्न ओठांपर्यंत आला आणि तेथेच थांबला. मी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले आणि हात वर केला. ठराव एकमताने मंजूर झाला.

सभा आटोपून जिना उतरताना एक गृहस्थ हळूच म्हणाले, “जरा घाईच झाली, नाही का ?” कोपऱ्यावर दुसऱ्यांनी तेच म्हटले. दुसऱ्या दिवशी बाजारात तिसरे भेटले, त्यांचेही तेच. म्हणजे शंका आलेले आम्ही निदान चौघे तरी त्या सभागृहात होतो, आणि चौघांनीही हात वर केले होते. दोन महिन्यांनी ते खंड एका पुस्तकबांधणी करणाराकडे सापडले. नवे पुठ्ठे घालण्यासाठी ते पाठविले होते आणि नोंद करावयाची राहून गेली होती. शिपायाला परत बोलावणे गेले. तो आला नाही.

मला त्या सभेत कोणी धाक घातला नव्हता. माझी भाकरी त्या संस्थेवर अवलंबून नव्हती. मग माझा हात कोणी वर केला ? या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस छळले. त्यापायी मानसशास्त्रातील काही जुने प्रयोग मी वाचून पाहिले. त्यांतील थोडे आपणांस सांगतो.

पहिला प्रयोग १९३५ सालचा. मुझफ्फर शेरीफ या तुर्कस्तानात जन्मलेल्या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत तो केला. काळोख्या खोलीत प्रकाशाचा एक स्थिर ठिपका दाखविला की तो आपल्याला हलल्यासारखा दिसतो. तो डोळ्यांचा भ्रम असतो. ठिपका किती हलला, असे एकेकट्याला विचारले तेव्हा प्रत्येकाने आपापला निराळा अंदाज सांगितला. मग त्याच माणसांना एकत्र बसवून मोठ्याने अंदाज सांगावयास लावले. हळूहळू त्यांचे अंदाज एकमेकांकडे सरकत गेले आणि त्या गटाचा म्हणून एक आकडा तयार झाला. पुढे प्रत्येकास पुन्हा एकटे बसविले तरी तो गटाच्या आकड्यालाच धरून राहिला. वाट दिसत नसली की माणूस शेजाऱ्याच्या पावलांकडे पाहतो, आणि काही वेळाने ती पावले त्याला आपलीच वाटू लागतात.

पण हा झाला काळोखातला प्रकार. लख्ख उजेडात काय होते ? ते पाहण्यासाठी वॉर्सा येथे जन्मलेल्या आणि लहानपणी अमेरिकेत गेलेल्या सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास एक प्रयोग योजला. सात ते नऊ विद्यार्थी ओळीने बसविलेले. पुढे दोन पत्रे. एकावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन रेघा. त्या तीनपैकी कोणती रेघ पहिलीएवढी आहे, एवढेच सांगावयाचे. फरक चांगला इंच-दीड इंचाचा असे. एकट्याने उत्तर देणाऱ्यांच्या चुका शंभरात एकही भरत नसत. मात्र ओळीतले बाकीचे सर्व विद्यार्थी आधीच शिकवून ठेवलेले असत. खरा परीक्षार्थी एकच आणि त्याची पाळी शेवटाच्या जवळ. पहिल्या दोन वेळा सर्वांची उत्तरे बरोबर आली. त्यानंतर ठरल्याप्रमाणे सारे जण एकामागून एक, शांतपणे, तेच चुकीचे उत्तर देऊ लागले.

त्या बिचाऱ्याची स्थिती डोळ्यांपुढे आणा. डोळे एक सांगतात आणि सात तोंडे दुसरेच. तो पुढे वाकून पाहतो, चुळबूळ करतो, ओशाळे हसतो. तीन संस्थांतील १२३ विद्यार्थ्यांवर हा प्रयोग झाला. अठरा फेऱ्यांपैकी बारांत गटाने खोटे उत्तर द्यावयाचे, असे ठरलेले असे. त्या फेऱ्यांमध्ये शेकडा ३७ च्या आसपास उत्तरे गटाच्या चुकीला धरून आली. दर चौघांपैकी सुमारे एक जण एकदाही वाकला नाही. काही जण मात्र जवळजवळ प्रत्येक वेळी वाकले.

हे आकडे सांगताना अ‍ॅश यांच्यावर एक अन्याय वारंवार होतो, तो आपण करू नये. माणूस मेंढरू आहे, असे त्यांना म्हणावयाचे नव्हते. जवळजवळ दोनतृतीयांश उत्तरे बहुमत विरुद्ध असतानाही बरोबरच आली होती. जे ताठ उभे राहिले, त्यांतही सारे निर्धास्त नव्हते. काहींना घाम फुटला होता, आपलीच काही चूक होत असावी अशी शंका त्यांना खात होती, पण मला जे दिसते ते सांगणे माझे काम, असे म्हणून त्यांनी ते सांगितले. धैर्याची ही एक नम्र व्याख्या आहे. शंका नसणे हे त्या धैर्याचे लक्षण नव्हे.

आणि जे वाकले, ते का वाकले ? मागाहून त्यांना विचारले तेव्हा निरनिराळी उत्तरे मिळाली. ‘इतक्या जणांना दिसते आहे, तेव्हा माझ्याच डोळ्यांत दोष असावा,’ असे कोणी म्हणाले. ‘ते चुकत आहेत हे मला कळत होते, पण वेगळे पडावेसे वाटेना,’ असेही कोणी म्हणाले. १९५५ साली मॉर्टन डॉइश आणि हॅरल्ड जेरार्ड या दोघांनी या दोन प्रकारांची स्वच्छ फोड केली. पहिल्या प्रकारात आपण दुसऱ्यांकडून ज्ञान घेतो. दुसऱ्या प्रकारात आपण त्यांच्याकडून आपुलकी मागतो, निदान त्यांची नाराजी टाळू पाहतो. उत्तरे एकमेकांस कळणार नाहीत अशी व्यवस्था केली, तेव्हा चुका बऱ्याच कमी झाल्या, पण पार नाहीशा झाल्या नाहीत. अर्थात दोन्ही कारणे खरी आहेत आणि बहुधा ती एकमेकांत मिसळून येतात.

पहिल्या कारणात लाज वाटण्यासारखे काही नाही. परक्या गावात उतरल्यावर जिकडे लोक चालले असतील तिकडेच स्टेशनचे दार असणार, असे आपण धरून चालतो आणि बहुधा ते बरोबर ठरते. रस्त्याने डाव्या बाजूने जाणे, रांगेत उभे राहणे, किंबहुना आपण बोलतो ती भाषासुद्धा, हे सर्व चारचौघांसारखे वागण्याचेच फळ आहे. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही आपली म्हण काही वेडगळ नव्हे. परंतु त्या म्हणीत एक अट दडलेली आहे. पाचही मुखांनी आपापले बोलले पाहिजे. पहिले मुख बोलले आणि उरलेल्या चारांनी त्याचीच री ओढली, तर तेथे मत एकच असते. त्याचे पाच प्रतिध्वनी ऐकून आपण त्यास परमेश्वर समजतो.

येथे कोणी म्हणेल की हे सारे परदेशातील तरुण विद्यार्थ्यांवरचे प्रयोग, तेही सत्तर वर्षांपूर्वीचे. त्यांचे आपल्याशी काय नाते? ही शंका योग्य आहे आणि ती तपासली गेली आहे. १९९६ साली १७ देशांतील अशा १३३ अभ्यासांचे एकत्र परीक्षण झाले. १९५० नंतरच्या काळात अमेरिकेत हे वाकणे कमी होत गेले, आणि ज्या समाजांत माणूस स्वतःपेक्षा समूहाला अधिक धरून राहतो तेथे ते अधिक आढळले, असे त्यातून दिसले. १९८० च्या सुमारास इंग्लंडात दोघा संशोधकांनी विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला. ३९६ फेऱ्यांपैकी केवळ एका फेरीत विद्यार्थी गटापुढे वाकला. हे वाचून, जमाना बदलला, असे म्हणून आपण निःश्वास टाकणार, तोच त्यांचा दुसरा प्रयोग समोर येतो. न्यायालयाने देखरेखीखाली ठेवलेल्या तरुणांना त्यांनी परीक्षार्थी म्हणून बसविले आणि शिकवून ठेवलेले सोबती म्हणून देखरेख करणारे अधिकारीच बसविले. तेथे पुन्हा अ‍ॅश यांच्याइतकेच वाकणे दिसून आले. वेगळे बोलण्याची किंमत ज्यास मोजावी लागते, तो वाकतो. म्हणून वाकणाऱ्याकडे बोट दाखविण्याआधी ती किंमत किती होती, हे पाहिले पाहिजे.

ती किंमत पाहण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. रेघा मोजणाऱ्या त्या विद्यार्थ्यांना फार तर क्षणभर ओशाळे व्हावे लागले. आपल्याकडे चहाच्या एका पेल्यापायी मोठमोठी माणसे दोन वर्षे बेजार झाली आहेत. १८९० च्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने काही प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळक होते, गोखलेही होते. कार्यक्रमानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला हाती घेऊन नुसताच बाजूला ठेवला. ही सारी जुळवाजुळव केली होती गोपाळराव जोशी या विलक्षण गृहस्थांनी, डॉ. आनंदीबाईंच्या पतीने. पुढे त्यांनीच हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध करविली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. चौकशी झाली. प्रायश्चित्त घ्या, नाही तर बहिष्कार सोसा, असा पेच उभा राहिला.

ग्रामण्य या शब्दाचा दाह आजच्या पिढीस कळणे कठीण आहे. ग्रामण्यात कोणी कोणाला मारीत नसे. फक्त श्राद्धाला भटजी येईनासा होई. पंगतीतून पाट वेगळा पडे. मुलीची सोयरीक जुळता जुळता मोडे. सासरी असलेली लेक माहेरी पाठविली जात नसे. ज्याने चहा घेतला तो बाहेर, सभांत आणि कचेरीत, ताठ मानेने हिंडू शके, पण त्याची किंमत घरातील बायकामुले आणि म्हातारी आई मोजीत असत. समूहाचे दडपण नेहमी असेच येते. ते आपल्यावर थेट पडत नाही. आपल्या माणसांच्या वाटेने ते आपल्यापर्यंत पोचते.

टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. त्यांच्यासारख्या सुधारकाने मान तुकवावी, याचा त्यांच्या अनुयायांना विषाद वाटला आणि टीकाही पुष्कळ झाली. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींच्या पुस्तकात, १९१० साली, हा प्रसंग सांगितला आहे. रानड्यांना आपण पाप केले असे मुळीच वाटत नव्हते. आपल्यासोबत सापडलेल्या स्नेह्यांची घरोघर जी कुचंबणा चालली होती, ती सुटावी म्हणून त्यांनी हा कमीपणा पत्करला, असे त्यातून दिसते. हे वाचताना रानड्यांवर रागावणे मला जमत नाही. परंतु त्या घरातील आणखी एक गोष्ट आठवते. १८७३ साली रानड्यांची पहिली पत्नी वारली. विधवाविवाहाच्या चळवळीत ते पुढे होते, तेव्हा आता ते एखाद्या विधवेशी विवाह करतील, अशी पुष्कळांची अपेक्षा होती. वडिलांनी घाईने अकरा वर्षांची मुलगी पाहून त्यांचे लग्न लावून दिले. एकतीस वर्षांचे ते विद्वान गृहस्थ वडिलांचा शब्द मोडू शकले नाहीत. त्याच मुलीला पुढे त्यांनी शिकविले आणि तिच्या हातून मोठे कार्य झाले, हे खरे. तथापि ज्यांनी हजारोंना मार्ग दाखविला, त्या थोर पुरुषालाही घरच्या आणि ज्ञातीच्या दडपणापुढे दोनदा वाकावे लागले, यावरून त्या दडपणाचे वजन ओळखावे.

आता एक गोष्ट विशेषतः माझ्यासारख्या बृहन्महाराष्ट्रीयांसाठी. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी मंडळींचा घोळका लहान असतो. गणेशोत्सव तोच, वाचनालय तेच, शाळेचे मंडळ तेच, आणि मुलामुलींची लग्ने जुळवावयाची तीही त्याच पाचपन्नास घरांच्या ओळखीतून. अशा घोळक्यात जी ऊब असते ती मोठ्या शहराच्या गर्दीत मिळणार नाही. पण त्याच कारणाने येथे वेगळे बोलणे अधिक महाग पडते. सभेत ज्याला आज विरोध करावयाचा, त्याच्याच ओसरीवर उद्या हळदीकुंकवाला आपल्या घरची मंडळी जाणार असतात. त्या वाचनालयाच्या सभेत माझा प्रश्न ओठांवर थांबला, त्याचे कारण मला वाटते हेच असावे. मला कोणाची भीती नव्हती. मला कोणाशी वाकडे यावयाचे नव्हते, इतकेच. आणि एवढ्याशा सोयीसाठी मी एका माणसाची बावीस वर्षांची चाकरी मातीत जाऊ दिली.

मग यावर उपाय काय ? प्रत्येकाने सिंहाचे काळीज कमवावे, असा उपदेश करणे सोपे आहे. सुदैवाने त्याहून सोपी वाट आहे आणि ती अ‍ॅश यांच्याच प्रयोगात सापडते. प्रयोगाचे पुढचे प्रकार लोकांना फारसे ठाऊक नसतात. विरोधात एकच माणूस असला तर परीक्षार्थी सहसा ढळत नसे. दोन असले तर थोडा ढळे. तीन असले की पुरता दबाव पडे. त्यानंतर माणसे वाढविली तरी दबाव फारसा वाढत नसे. म्हणजे ‘सारे जग माझ्याविरुद्ध आहे’ असे वाटावयास तीनच माणसे पुरतात. आता याची दुसरी बाजू पाहा. गटात एकच सोबती असा ठेवला की जो खरे उत्तर देईल. एवढ्याने परीक्षार्थीचे वाकणे पहिल्याच्या चौथ्या हिश्श्याइतके खाली आले. इतकेच नव्हे, तर तो वेगळा बोलणारा सोबती स्वतः चुकीचे, पण बहुमताहून निराळे उत्तर देई, तेव्हाही परीक्षार्थीची जीभ पुष्कळ मोकळी होई. एकी फुटली की तिची जादू जाते. आणखी एक गोष्ट आढळली. सोबती मध्येच पक्ष बदलून बहुमताला मिळाला, तर परीक्षार्थी पुन्हा पहिल्यासारखा वाकू लागे. परंतु सोबती काही निमित्ताने खोलीतून नुसता निघून गेला, तर त्याच्या मागे त्याने दिलेले धैर्य बरेचसे टिकून राही.

श्रोतेहो, आजच्या भाषणातील एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची झाली तर ही ठेवावी. एकट्याला उभे राहण्यास वीराचे धैर्य लागते. दुसऱ्याला त्याच्या शेजारी उभे राहण्यास तितके लागत नाही, पण त्या दुसऱ्यावाचून पहिल्याचे धैर्य बहुधा वाया जाते.

महर्षी कर्व्यांचे उदाहरण घ्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी पुण्यात गोदूबाई या विधवेशी विवाह केला. कोकणातील त्यांच्या मुरुड गावी गावकऱ्यांनी बहिष्काराचा ठराव केला. कर्वे गावी आले आणि घरच्यांनी त्यांना आश्रय दिला, तर घरावरही बहिष्कार, इतका तो कडक होता. अशा वेळी कर्वे उभे राहिले, त्यात त्यांच्या स्वभावाचा वाटा मोठा होता यात संशय नाही. पण त्यांच्या शेजारी कोण होते, हेही पाहिले पाहिजे. गोदूबाई या त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांच्या भगिनी. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात त्यांना शिकावयास मिळाले होते. वधूच्या वडिलांनी या विवाहास संमती दिली होती. म्हणजे एक मित्र, एक पिता, एक शाळा चालविणारी विदुषी आणि स्वतः ती निर्धाराची स्त्री, एवढी सोबत होती. त्याच वर्षी कर्व्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. पुढे असे पाऊल टाकणाऱ्या जोडप्याला, आपण जगात एकटेच आहोत, असे वाटू नये, हे त्या मंडळींचे एक मोठे कार्य होते. १९५८ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी, कर्व्यांना भारतरत्न मिळाले. बहिष्काराचा ठराव ज्यांनी केला त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. तेही बहुधा वाईट लोक नसावेत. माझ्यासारखेच डावीकडे, उजवीकडे पाहून त्यांनी हात वर केले असतील.

थोडी माणसे नेट धरून एकच गोष्ट सांगत राहिली, तर पुष्कळांचेही मन वळू लागते, हे सर्ज मॉस्कोविची यांनी १९६९ साली फ्रान्समध्ये दाखविले. सहा जणींच्या गटात दोघी शिकवून ठेवलेल्या. निळ्या रंगाची चित्रे पडद्यावर दिसत आणि त्या दोघी प्रत्येक वेळी ‘हिरवा’ म्हणत. उरलेल्या चौघींच्या उत्तरांपैकी शेकडा आठांहून थोडी अधिक उत्तरे ‘हिरवा’ अशी आली. पण त्या दोघी कधी हिरवा, कधी निळा म्हणू लागल्या, तेव्हा हा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. आकडा लहान आहे आणि येथे अल्पमत चुकीचे होते, हेही ध्यानात ठेवावे. तरी त्यातला बोध मोठा आहे. थोड्यांचे बळ त्यांच्या आवाजाच्या उंचीत नसते, ते त्यांच्या सातत्यात असते.

सर्वच भार व्यक्तीच्या धैर्यावर टाकणे मात्र न्यायाचे नाही. किंमत फार मोठी असेल तेथे कायद्याने ती कमी करावी लागते. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत, १९३३ साली, ज्ञातीच्या पंचांच्या जाचाला आळा घालणारा कायदा झाला, ही बडोदेकरांनी अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१६ साली संमत केला आणि तो २०१७ साली अमलात आला. मधल्या ८३ वर्षांच्या अंतराकडे पाहिले म्हणजे, जातपंचायतींचा बहिष्कार ही इतिहासातील गोष्ट झाली आहे, या समजुतीत आपण राहू शकत नाही.

कायदा पोचत नाही अशा लहानसहान जागी आपल्याला काही साधे नियम पाळता येतात. महत्त्वाच्या विषयावर चर्चेआधी प्रत्येकाने आपले मत चिठ्ठीवर लिहावे. अ‍ॅश यांच्या प्रयोगातही उत्तर गुपचूप लिहून द्यावयाचे ठेवले तेव्हा वाकणे पुष्कळच कमी झाले होते. अध्यक्षांनी आणि वडीलधाऱ्यांनी आपले मत शेवटी सांगावे. ज्यू लोकांच्या प्राचीन न्यायसभेत देहदंडाचा खटला असला की मते विचारण्यास कनिष्ठांपासून आरंभ करावा, असा नियम होता. ज्येष्ठांचे ऐकल्यावर कनिष्ठ बोलणार नाहीत, हे त्या जुन्या लोकांना कोणत्याही प्रयोगावाचून कळले होते. ‘विरोध आहे काय ?’ असे विचारल्यावर अध्यक्षांनी घड्याळाकडे न पाहता थोडे थांबावे. आणि ज्याच्याविषयी ठराव आहे, तो माणूस दाराबाहेर उभा असेल तर त्यास आत बोलवावे.

हाच नियम घरातही उपयोगी पडेल. मुलीचे लग्न ठरविताना सारे मोठे एकमुखाने बोलून झाल्यावर शेवटी तिला विचारणे म्हणजे अ‍ॅश यांच्या ओळीत तिला शेवटी बसविणे होय. हल्ली भ्रमणध्वनीवर कुटुंबाचे आणि संस्थांचे गट असतात. कोणी एखाद्याविषयी काही खरेखोटे लिहितो, त्याखाली पाच-सहा अंगठे उमटतात आणि बाकीचे गप्प राहतात. त्या मौनालाही संमती समजले जाते, याची आठवण ठेवावी. तेथे वाद घालण्याची गरज नसते. ‘हे खरे आहे, असे आपणांस कोठून कळले ?’ एवढी एक ओळ पुष्कळदा पुरते. ती लिहिली की बाकीच्या गप्प बसलेल्यांपैकी कोणी तरी तिला दुजोरा देतो. मी ते पाहिले आहे.

वाचनालयाच्या त्या सभेचे इतिवृत्त पुढच्या वर्षी वाचून कायम करण्यात आले. त्या वेळी मी उठलो आणि ‘एकमताने’ हा शब्द माझ्यापुरता खरा नव्हता, एवढे सांगितले. सभागृहात क्षणभर अवघडलेली शांतता पसरली. मग मागून एक आवाज आला, “माझ्यापुरताही नव्हता.” त्यानंतर आणखी एक. आम्ही तिघे झालो. एका वर्षापूर्वी हेच झाले असते तर तो शिपाई दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे दार उघडावयास आला असता. आमच्या त्या बोलण्याने त्याचे काही भले झाले नाही. मात्र त्या वाचनालयात तेव्हापासून एक प्रथा पडली. कोणाही नोकराविषयीचा ठराव त्याचे म्हणणे ऐकल्याखेरीज मतास टाकीत नाहीत, आणि मते चिठ्ठीवर घेतात.

तेव्हा पुढच्या सभेत आपला हात वर जाण्याआधी क्षणभर थांबा आणि तो आपलाच आहे ना, हे पाहा. आणि कोणी एकटा उठून अडखळत शंका विचारू लागला, ती शंका आपल्यालाही पडलेली असली, तर सभा संपून जिन्यात भेटेपर्यंत वाट पाहू नका. तेथेच, त्याच वेळी, “मलाही हेच विचारावयाचे होते,” एवढे म्हणा.